शिकायचं ठरलं, पण राहायचं कुठे?

बारावीचा निकाल लागला की बुटीबोरीतल्या घराघरांत दोन प्रश्न येतात. पहिला, कोणत्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा. त्यासाठी सगळं घर कामाला लागतं. मामू मोबाइलवर कटऑफ बघतात, शेजारचा कंपनीत लागलेला मुलगा सल्ला देतो, शाळेत येऊन आम्हा शिक्षकांनाही विचारलं जातं. दुसरा प्रश्न, मूल राहणार कुठे? हा मात्र कुणी नीट बसून विचारत नाही. त्याचं उत्तर जणू आधीच ठरलेलं असतं. मुलगा असेल तर "मिळेल कुठेतरी खोली", आणि मुलगी असेल तर "अपडाऊन करेल की, नागपूर काय लांब आहे?"

नागपूर लांब नाही, हे खरं. वर्धा रोडने बर्डी गाठायची तर तीस किलोमीटरच्या आसपास अंतर. पण बरीच वर्षं मी या भागात शिकवते आहे आणि आमच्याकडून नागपूरला पदवीला गेलेल्या मुली माझ्या डोळ्यांसमोर आहेत. ज्यांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शिक्षण सोडलं, त्यांच्यात अभ्यास झेपला नाही म्हणून सोडणाऱ्या फार थोड्या. फीसाठी अडणाऱ्याही आता कमी होतील, कारण वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या मुलींना राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली आहे. बाकीच्या मुली थकल्या. रस्त्याने थकल्या, किंवा ज्या घरात राहायला गेल्या त्या घराने थकवल्या. म्हणून राहण्याचा प्रश्न प्रवेशाइतकाच मोठा आहे आणि तो प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी सोडवायचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी अपडाऊनचा हिशोब करू. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, चौकात गाडीची वाट बघायची, बहुतेक वेळा उभ्याने प्रवास, बर्डीला उतरून पुन्हा कॉलेजकडे जाणारी दुसरी गाडी. एका बाजूचे दीड-दोन तास सहज जातात. दिवसाचे चार तास धरले आणि महिन्याला कॉलेजचे २४ दिवस, तर ९६ तास होतात. म्हणजे महिन्यातले चार अख्खे दिवस, रात्रीसकट, मूल रस्त्यावर असतं.

पैशांच्या बाजूने बघितलं तर हा मार्ग फार स्वस्त वाटतो आणि फसगत इथेच होते. एसटीच्या विद्यार्थी पासाला तिकिटाचा साधारण एक तृतीयांश भागच भरावा लागतो. मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे. पास हातात आला की घरच्यांना वाटतं, प्रश्न सुटला. पण पाच वाजता संपणारं प्रॅक्टिकल, त्यानंतर ग्रंथालयात बसायचा तास, मैत्रिणींबरोबर सोडवायचे जुने पेपर, या सगळ्याचा पास कुठे मिळत नाही. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला नागपुरात अंधारून येतं. मग घरून फोन सुरू होतात, "कुठे पोहोचलीस?" मुलगी शेवटचा तास सोडून निघायला लागते. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. हजेरी कमी पडते, प्रॅक्टिकलचे गुण जातात, आणि एक दिवस अब्बा म्हणतात, "राहू दे बेटा, बाहेरून बी.ए. कर." यात कुणाचाच हेतू वाईट नसतो, म्हणून तर ते थांबवता येत नाही.

तरीही अपडाऊन सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. कॉलेज कुठे आहे त्यावर ते अवलंबून आहे. वर्धा रोडच्या बाजूचं, मिहानच्या आसपासचं किंवा मेट्रो स्थानकाला लागून असलेलं कॉलेज असेल तर जमतं. खापरी ते सीताबर्डी मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ पासून पहिल्या टप्प्याच्या दोन्ही मार्गिका पूर्ण धावतात. खापरीपर्यंत दुचाकीने किंवा बसने जायचं आणि पुढे मेट्रो धरायची. मेडिकल किंवा अजनीच्या बाजूला जायचं असेल तर अजनी चौक, मॉरिस कॉलेजच्या परिसरात जायचं तर सीताबर्डी किंवा झिरो माइल, एलएडी कॉलेजला जायचं तर सीताबर्डीला गाडी बदलून एलएडी चौक. अशा मुलांचा एका बाजूचा प्रवास बराच आटोक्यात येतो, आणि मुख्य म्हणजे परतीची गाडी कधी मिळेल याचा अंदाज असतो. मुलींच्या बाबतीत ही खात्री वेळेपेक्षाही मोलाची आहे.

मेट्रो बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत येणार आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली, त्यात मिहान ते एमआयडीसी हा आपला भाग आहे. ती गाडी आपल्या दारात आली की या लेखातला अर्धा भाग जुना होईल, आणि मला त्याचा आनंदच होईल. पण ज्याला या जूनमध्ये प्रवेश घ्यायचा आहे, त्याने आज धावणाऱ्या गाडीवरच हिशोब करावा. "पुढच्या वर्षी मेट्रो येईलच" या भरवशावर मुलाचं पहिलं वर्ष लावू नये. नागपूर-वर्धा लोहमार्गावरचं आपलं स्टेशन जुनं आहे, पण पॅसेंजरची वेळ तासिकांशी जुळली तरच त्याचा उपयोग.

आता "नागपुरात राहील" म्हणजे नेमकं कुठे? आपल्या लोकांच्या मनात नागपूर म्हणजे मोमीनपुरा, ताजबाग, नाहीतर जिथे चाचा राहतात तो मोहल्ला. कॉलेजं मात्र शहरभर विखुरलेली आहेत. १९२३ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचा परिसर अमरावती रोडवर. हिस्लॉप सिव्हिल लाइन्समध्ये. अंजुमनचं इंजिनिअरिंग कॉलेज सदरला, रामदेवबाबा काटोल रोडला, वायसीसीई हिंगणा रोडवर वानाडोंगरीला, केडीके नंदनवनला. वानाडोंगरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला मोमीनपुऱ्यात खोली करून दिली, तर त्याचं अपडाऊन संपलं नाही, फक्त बुटीबोरीऐवजी मोमीनपुऱ्यातून सुरू झालं. त्यापेक्षा बुटीबोरीहून हिंगण्याला जाणारा रस्ता त्याला बरा पडला असता. उलट केडीकेला प्रवेश मिळालेल्या मुलाला हसनबाग जवळ, मेयोत शिकणाऱ्या मुलीला मोमीनपुरा अगदी पायी अंतरावर, सदरच्या कॉलेजसाठी सदर. नकाशा समोर ठेवून कॉलेजभोवती पायी वीस-पंचवीस मिनिटांचं एक वर्तुळ काढा. आधी त्यात शोधा. तिथे नाही जमलं तर मेट्रोच्या मार्गावर. नातेवाईक कुठे राहतात हा प्रश्न त्यानंतरचा.

नातेवाइकांच्या घरांबद्दल थोडं मोकळेपणाने लिहिते, कारण यावर आपल्यात कुणी बोलत नाही. फुफीचं किंवा खालाचं घर म्हणजे आई-वडिलांना सगळ्यात सुरक्षित वाटणारी जागा. किराया नाही, जेवण घरचं, नजर आपल्या माणसाची. मुलगा असेल तर बहुतेक वेळा ठीक चालतं. मुलगी मात्र पाहुणी म्हणून जाते आणि महिन्याभरात त्या घराचा जास्तीचा हात होऊन बसते. सकाळच्या पोळ्या, लहान मुलांचा गृहपाठ, घरात पाहुणे आले की चहा-पाणी, आणि कुणी आजारी पडलं तर कॉलेज बुडवून घरी थांबणं. फुफी वाईट नसते. तिच्या दृष्टीने पोरगी घरचीच आहे, आणि घरची पोरगी काम करतेच. पण परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता भांडी घासून मग पुस्तक उघडणारी विद्यार्थिनी मी बघितली आहे. ती तक्रारही करू शकत नाही, कारण तक्रार केली तर दोन भावंडांच्या नात्यात फट पडते. हॉस्टेलच्या वॉर्डनशी भांडता येतं, फुफीशी नाही.

म्हणून नातेवाइकांकडे ठेवायचंच असेल तर आधी दोन्ही घरांतल्या मोठ्यांनी बसून ठरवून घ्यावं. महिन्याला जेवणाचे ठरावीक पैसे द्यावेत, आग्रहाने द्यावेत. पैसे दिले की मुलीचा दर्जा बदलतो, ती उपकाराखाली राहत नाही. तिला अभ्यासाला टेबल आणि दिवा असलेला एक कोपरा मिळणार आहे का, हे डोळ्यांनी बघून यावं. ज्या घरात एकाच खोलीत टीव्ही, पाहुणे आणि झोपणं आहे, तिथे माया कितीही असली तरी इंजिनिअरिंगचा अभ्यास होत नाही.

माझा स्वतःचा कल विचाराल तर पहिल्या वर्षासाठी कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं हॉस्टेल. खोली साधी असते, मेसची भाजी पातळ असते, पंखा आवाज करतो. पण सोबतची सगळी मुलं त्याच पेपराची तयारी करत असतात. कोणत्या सरांचे नोट्स चांगले, कोणता फॉर्म कधी भरायचा, शिष्यवृत्तीची तारीख कधी, हे शहरात नवख्या मुलाला हॉस्टेलच्या ओट्यावर जेवढं कळतं तेवढं कुठल्याच नातेवाइकाकडे कळत नाही. दुसऱ्या वर्षी मित्र झालेले असतात, शहर पायाखालचं झालेलं असतं. मग तीन-चार जणांनी मिळून खोली घ्यावी.

हॉस्टेलच्या जागा मर्यादित असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या गुणवत्तेनुसार आणि अंतर बघून दिल्या जातात. आपली मुलं मागे पडतात ती गुणांत नाही, वेळेत. प्रवेश निश्चित करायला गेलात त्याच दिवशी हॉस्टेलचा अर्ज मागून घ्या. "आठ दिवसांनी येऊ" म्हणून परत आलात की जागा गेली समजा. रॅगिंगची भीती अनेक आई-वडिलांना वाटते. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, यूजीसीचे नियम २००९ चे आहेत, आणि १८००-१८०-५५२२ हा देशभराचा निःशुल्क मदत क्रमांक आहे. तो मुलाच्या मोबाइलमध्ये तर असावाच, अम्मीच्याही मोबाइलमध्ये असू द्या. हॉस्टेल बघायला जाल तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना वेगळ्या मजल्यावर किंवा वेगळ्या इमारतीत ठेवतात का, हे विचारा. आणि संध्याकाळी सातनंतर एकदा जाऊन बघा. दुपारी बारा वाजता सगळीच हॉस्टेलं चांगली दिसतात.

जेवणाचा प्रश्न आपल्याकडे मोठा केला जातो. मेस शाकाहारी असेल तर असू द्या. आठवडाभर वरण-भात-पोळी-भाजी खाऊन कुणाचं बिघडत नाही, रविवारी घरी आलं की गोश्त आहेच. मला काळजी वाटते ती मेस सोडून रोज रात्री बाहेर बिर्याणी खाणाऱ्या मुलांची. महिन्याची पंधरा तारीख येता येता पैसे संपतात आणि पोटही बिघडतं. मेस लावण्याआधी चार दिवस रोजच्या दराने जेवून बघावं, मगच महिन्याचे पैसे भरावेत. सुट्टीत घरी गेल्यावर त्या दिवसांचे पैसे कापतात का, हेही विचारून ठेवावं.

रमजानची तजवीज मात्र आधीच करायला हवी. सहरीला मेस उघडी नसते, आणि तरावीहहून परत येईपर्यंत गेट बंद झालेलं असू शकतं. हे रमजानच्या पहिल्या रात्री सांगायला गेलं तर वॉर्डन वैतागतो. पंधरा दिवस आधी सगळ्या रोजा ठेवणाऱ्या मुलांनी मिळून एक साधा अर्ज द्यावा, गेटची वेळ किती वाढवून हवी आणि सहरीसाठी पाणी गरम करायला कुठे परवानगी मिळेल. लेखी आणि वेळेत मागितलं तर बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो. माझी एक विद्यार्थिनी मुलींच्या हॉस्टेलमध्ये यवतमाळ आणि गडचिरोलीच्या दोन मुलींबरोबर राहत होती. पहिल्या वर्षी या दोघी गजर लावून हिला उठवायच्या, कारण हिची झोप गाढ. तिसऱ्या वर्षापर्यंत सहरीची खजूर त्या दोघीच संपवायला लागल्या होत्या.

हॉस्टेल मिळालं नाही तर खोली किंवा पीजी शोधावं लागतं, आणि इथे एक गोष्ट आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त सोसावी लागते. फोनवर खोली रिकामी असते. भेटायला गेलं, नाव सांगितलं, की "अरे, कालच गेली". सगळीकडे असं होत नाही. पण होतं, आणि अठरा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा अनुभवाला आलं की तो आतून मोडतो. घरी सांगतही नाही. एवढंच म्हणतो, "मोमीनपुऱ्यातच बघतो."

त्याला दोन गोष्टी सांगाव्यात असं मला वाटतं. एक, हे त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी नाव सांगून ते एका पारशी मुसाफिरखान्यात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. मित्रांची दारंही उघडली नाहीत. दिवस बागेत बसून काढावा लागला आणि रात्रीच्या गाडीने त्यांनी मुंबई गाठली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. दुसरी गोष्ट अधिक कामाची. फोनवर पहिल्या वाक्यातच पूर्ण नाव सांगावं. ज्याला नकार द्यायचा आहे तो फोनवरच देईल. आपलं भाडं, वेळ आणि मन तिन्ही वाचतं. आणि "घरात मांस शिजवायचं नाही" ही अट निराळी, "तुम्हाला देत नाही" हा नकार निराळा. पहिल्या अटीचं घर कॉलेजजवळ असेल, स्वच्छ असेल तर खुशाल घ्यावं. ती अट स्वयंपाकघराची आहे, माणसाची नाही.

मोहल्ल्यात खोली घेण्यात कमीपणा नाही, उलट काही मुलांना तेच मानवतं. मोमीनपुऱ्यात सहरीला हॉटेलं उघडी असतात, मशीद दाराशी, रेल्वे स्टेशन जवळ, दोसर वैश्य चौकाची मेट्रो चालत जाण्यासारखी. पण गल्ल्या अरुंद, घरं एकाला एक लागून, रात्री उशिरापर्यंत वर्दळ. अशा ठिकाणी खोली घेताना मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची बघावी आणि जवळ अभ्यासिका आहे का ते शोधावं. ताजबागच्या बाजूला खोली घेणाऱ्याने बाबा ताजुद्दीन यांच्या उर्सच्या दिवसांतली गर्दी लक्षात ठेवावी. नेमकी त्याच सुमारास परीक्षा आली तर तेवढे दिवस मित्राकडे जावं लागेल. भीतीपोटी मोहल्ला निवडू नये, सोयीसाठी निवडावा, इतकंच माझं म्हणणं.

खोली मिळाली की कागद करून घ्या. आपल्याकडे "शब्दावर" चालतं, ओळखीच्या माणसाला कागद मागणं वाईट दिसतं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे घरमालकाला योग्य कारणाशिवाय वीज-पाणी तोडता येत नाही. साधारण अकरा महिन्यांचा करार करतात, आता नोंदणी ऑनलाइनही होते. किराया किती, डिपॉझिट किती आणि ते परत कधी, विजेचं बिल मीटरप्रमाणे की ठरावीक, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, या चार गोष्टी कागदावर आल्याच पाहिजेत. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याला घाबरू नका, उलट घरमालक टाळत असेल तर आग्रह धरा. उद्या काही चौकशी झाली तर तीच नोंद मुलाच्या बाजूने उभी राहते. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. खोलीत पाऊल टाकायच्या दिवशी भिंती, नळ, पंखा, खिडकीच्या काचा यांचे मोबाइलवर फोटो काढून घरमालकालाच पाठवून ठेवा.

पैशांबाबत एक योजना आपल्या अनेक घरांना माहीतच नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात तिच्यातून भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये थेट खात्यात येतात. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. मोमीन, पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी अशा आपल्यातल्या किती तरी बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. अडतं ते जातीच्या दाखल्यावर. शाळेच्या जुन्या दाखल्यावर नुसतंच "मुसलमान" लिहिलेलं असतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, जुनी कोतवाल नोंद, जमिनीचा कागद. हे शोधायला महिने जातात. मूल अकरावीत गेलं की शोधाला लागा, बारावीच्या निकालानंतर नाही. शिवाय बुटीबोरी नागपूर ग्रामीण तालुक्यात येते, तेव्हा रहिवासाची अट आपल्या मुलाला कशी लागते ते जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात जाऊन आधीच विचारून घ्यावं.

सरकारी योजना आजच्या आहेत, पण खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात छप्पर हवं हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं होतं. कोल्हापुरात शाळा-कॉलेजं होती, पण खेड्यातल्या मुलांना राहायला कुणी जागा देत नव्हतं. महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी करून दिली आणि १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढून तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. तिचं बोर्डिंग आजही कोल्हापूरकरांना "मुस्लिम बोर्डिंग" म्हणून माहीत आहे. आपल्याकडे शादीखान्यासाठी एका जुम्म्याला वर्गणी उभी राहते. नागपुरात जिल्ह्यातल्या मुलींसाठी वीस खाटांचं एक चांगलं वसतिगृह उभं करू म्हटलं की मात्र सगळे खाली बघतात. शादीखाना नको असं मी म्हणत नाही, पण वर्षातले किती दिवस तो रिकामा असतो ते मोजून बघावं.

आणखी एक गोष्ट बुटीबोरीकरांसाठीच. आपण मुलांना शहरात पाठवण्याचा विचार करत असताना शहरं आपल्याकडे येत आहेत. इथून जवळच वारंग्याला ट्रिपल आयटी नागपूर आहे आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. देशभरातून मुलं तिथे येतात. त्यांची राहायची सोय संस्थेतच असते, पण भेटायला आलेले आई-वडील, इंटर्नशिप करणारी मुलं, नव्याने रुजू झालेले शिक्षक, एमआयडीसीत लागलेले ट्रेनी इंजिनिअर हे सगळे बुटीबोरीत खोल्या शोधत फिरतात. आपल्यातल्या अनेकांनी वरचा मजला चढवून किरायाने दिला आहे. अरबीत म्हणतात, आधी शेजारी मग घर, आणि इथे तो शेजारी आपणच आहोत. त्या मुलांना आपण काय विचारतो? मी ऐकलेले प्रश्न असे: "कुठले?", "कोणत्या जातीचे?", "गोश्त चालतं ना?" एका घरात आसामच्या मुलीला फक्त चेहरा बघून नकार दिला गेला, आणि त्याच घरातला मुलगा पुण्यात दोन महिने खोलीसाठी वणवण फिरून आला होता. त्याच्या अम्मीला मी हे तोंडावर सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, वो लड़की का नंबर है क्या आपके पास?" नंबर होता. मुलगी सध्या त्यांच्याच वरच्या खोलीत राहते, कराराची नोंदणी झाली आहे, आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं ठरलं आहे.